दम लागतो तेव्हा

धावती गाडी पकडायला माणूस फलाटावरून सुसाट पळतो, ती धाव जेमतेम आठ-दहा सेकंदांची असते. पनवेल-रोहा मार्गावरच्या आपटा स्थानकात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या चित्रपटाच्या शेवटची अशीच धाव चित्रित झाली. पडद्यावर ती धाव संपता संपत नाही, पण शरीराच्या हिशेबात ती दहा सेकंदांतच उरकते. एवढ्या वेळात श्वासातून घेतलेला प्राणवायू फारसा कामी येत नाही. स्नायूंमध्ये एटीपी नावाच्या रेणूचा तयार साठा असतो, तो दोन-तीन सेकंदांत आटतो. मग क्रिएटिन फॉस्फेट मदतीला येते आणि आणखी काही सेकंद निभावून नेते. तेवढ्यात गाडी हाती लागली तर ठीक. नाही लागली तर स्नायू साखर जाळू लागतात, पाय जड होतात आणि माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

आपट्याच्या पंचक्रोशीतल्या कर्नाळा किल्ल्याची चढण ही निराळी गोष्ट आहे. पक्षी अभयारण्याच्या दारापासून सुळक्याच्या पायथ्यापर्यंत सरावाचा माणूस तासाभरात पोचतो, नवख्याला दीड-दोन तास लागतात. पहिल्या पाच-सात मिनिटांतच छाती भात्यासारखी चालू लागते. दम लागला म्हणजे प्राणवायू कमी पडला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत ती खरी नाही. धमन्यांतले रक्त तेव्हाही प्राणवायूने जवळजवळ पुरते भरलेले असते. श्वास वाढतो तो मुख्यतः साचू पाहणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी आणि रक्ताची आम्लता ताब्यात ठेवण्यासाठी. मेंदू याच्याही पुढे असतो. पायांना हुकूम सोडतानाच तो श्वसनकेंद्राला कामाला लावतो, म्हणून पहिल्या काही पावलांतच श्वासाची लय बदलते.

बसल्या जागी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. चढणीवर हाच आकडा १५ लिटरवर जातो, तरुण आणि कसलेल्या माणसात २० च्याही पुढे. अंगात रक्त एकूण पाचेक लिटरच, म्हणजे ते सगळे मिनिटात तीन-चार वेळा फिरून येते. त्याची वाटणीही बदलते. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो, जोरदार श्रमात चार-पंचमांशाच्या आसपास. हे रक्त येते ते पोट, आतडी आणि मूत्रपिंडांच्या वाट्यातून. महामार्गावर पोटभर मिसळ चापून लगेच चढायला लागणाऱ्यांच्या पोटात कळ का येते, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

हे सगळे एका दिवसाचे झाले. व्यायामाची खरी करामत दिसते ती तो रोज केल्यावर. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते. त्यामुळे एरवीचे ठोके कमी होतात. दीड-दोन महिन्यांत स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात आणि पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी केंद्रे, वाढतात. जॉन होलोझी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवून मायटोकॉन्ड्रियाची ही वाढ प्रथम दाखवली. तोवर व्यायामाने फक्त हृदय सुधारते, असे मानणारे पुष्कळ होते.

उलटा प्रयोग अधिक बोलका आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांत वाढलेल्या वयाने त्यांची क्षमता जेवढी कमी केली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने गेली होती. ‘पडून राहा, आराम पडेल’ हा घराघरांत दिला जाणारा सल्ला तापाच्या माणसाला ठीक. कंबर धरली म्हणून महिनाभर खाटेवर टाकलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो महागात पडतो.

मराठी घरांत व्यायामाचा सर्वांत मोठा फायदा सांगायचा तर तो साखरेच्या बाबतीतला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिनांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार आणि स्नायूंनी गरीब, अशी ही भारतीय ठेवण. त्यामुळे काट्यावर वजन ‘नॉर्मल’ दाखवणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून ही ठेवण जन्मापासूनच असते हेही पुढे आले.

जेवणातली साखर रक्तातून उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात. त्यासाठी ग्लूट-४ नावाच्या प्रथिनाच्या वाटा पेशीच्या पृष्ठभागावर याव्या लागतात. एरवी त्या इन्सुलिनच्या सांगण्यावरून येतात. मधुमेहात हे सांगणे पेशींना नीट ऐकू जात नाही. पण स्नायू आकुंचन पावला की याच वाटा इन्सुलिनशिवायही वर येतात. म्हणजे चालणाऱ्याच्या पायांना साखर उचलायचा स्वतंत्र परवाना असतो. चालणे थांबल्यावरही इन्सुलिनचे काम दिवस-दोन दिवस सोपे राहते, म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये असे सांगतात.

जेवणानंतरच्या शतपावलीमागचे शरीरशास्त्र हेच. मात्र शंभर पावले म्हणजे मिनिटाभराचाच मामला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर साखरेची चढती कमान खरोखर खाली येते. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत नुसत्या सर्वसाधारण सल्ल्यावर असलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, तर आहारात बदल आणि रोज अर्धा तास चालणे पाळणाऱ्यांपैकी ३९.३ टक्के. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचा आकडा ४०.५ टक्के होता. गोळी आणि चालणे यांची बरोबरी झाली. दोन्ही एकत्र दिल्यावरही आकडा जवळपास तिथेच राहिला.

हृदयाच्या बाबतीतला पहिला भक्कम पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून आला. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले, की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा रोज पाच-साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर तो कमी जीवघेणा असतो. शंका घेणाऱ्यांनी विचारले, मुळात जाडजूड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी मग गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी निघाली. शंका अगदीच फोल नव्हती, पण पोस्टमन आणि टपाल खात्यातले बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला होता. पुढच्या सत्तर वर्षांत जगभरच्या पाहण्यांनी त्याला दुजोराच दिला. रक्तदाब उतरणे, रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचिक राहणे आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड चरबी कमी होणे ही त्यामागची कारणे.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणात १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडले. त्या तालमीतले जोर आणि बैठका म्हणजे आजच्या भाषेत वजनाविरुद्धचा व्यायाम, फक्त वजन स्वतःच्याच अंगाचे. चालण्याने हृदय सुधारते, पण स्नायू टिकवायला हे लागतेच. तिशी-चाळिशीनंतर दर दशकाला स्नायू काही टक्क्यांनी झडतात आणि साठीनंतर वेगाने झडतात. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे पायांचा असा व्यायाम दिला गेला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वय झाले, आता कसला व्यायाम, या वाक्याचा निकाल खरे तर तेव्हाच लागला.

गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. वर जाताना फुप्फुसे कुरकुरतात, खाली येताना गुडघे आणि मांड्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना होणारे ठणके लॅक्टिक आम्लामुळे असतात असे अजूनही सर्रास सांगितले जाते. लॅक्टेट तासा-दोन तासांत नाहीसे होते. दुखते ते स्नायूतंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे आणि त्यांच्या डागडुजीमुळे. पुढच्या वेळी तीच उतरण निम्मीही दुखत नाही. अशा दणक्यांनी हाडेही भरतात, कारण भार पडेल तिथे हाड घट्ट होते. पोहणे इतर बाबतींत उत्तम असले, तरी हाडांसाठी चालणे-चढणेच सरस.

व्यायामानंतरच्या तरतरीचे श्रेय एंडॉर्फिनला देण्याची पद्धत आहे. पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, आणि त्याचा मार्ग औषधाने रोखून केलेल्या प्रयोगांतही धावल्यानंतरची तरतरी टिकून राहिली. संशयाची सुई आता एंडोकॅनाबिनॉइड या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यांकडे वळली आहे. अधिक टिकाऊ परिणाम वेगळाच आहे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मरणाचा भाग वयाबरोबर आकसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे चालले, बाकीच्यांनी ताणाचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा आकसला. सौम्य आणि मध्यम नैराश्यात नियमित व्यायामाचा गुण चाचण्यांत दिसला आहे. झोप लवकर लागते आणि गाढ लागते. चालू असलेली औषधे मात्र तेवढ्यावरून बंद करायची नसतात.

मन आणि शरीर यांचा हा संबंध उपकरणांनी मोजण्याचा उद्योग आपट्यापासून एका घाटापलीकडे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढले. नौली ही योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले. क्ष-किरणांचाही त्यांनी उपयोग केला. संथ श्वसनाने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सावरतात हे आज मान्य आहे. मात्र सावकाश केलेल्या आसनांनी दम वाढत नाही, ते काम भरभर घातलेले सूर्यनमस्कार करतात.

‘दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ असे भातशेती करणारा विचारतो, तेव्हा त्याचे बरेचसे बरोबर असते. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणे कुठल्याही जिमपेक्षा हलके नाही. पण त्यात कंबर तासन्तास एकाच कोनात अडकते, आणि एकपिकी भातात कापणी-झोडणी आटोपली की काम मंदावते. कमावलेला दम दोन-तीन आठवड्यांतच ओसरू लागतो. शिवाय आता रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात कारखाने आहेत, दारात मोटारसायकल आहे. डोक्यावरचा हंडा उतरला ही चांगलीच गोष्ट, पण त्याबरोबर चालणेही उतरले. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळपास निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. घरकामाने बायकांचा व्यायाम आपोआप होतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

किती करावे, याचे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे उत्तर असे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आयुर्वेदाने व्यायामाची मर्यादा अर्ध्या शक्तीची सांगितली आहे, तीही साधारण याच जागी येते. सर्वांत मोठा फायदा शून्यावरून दहा-पंधरा मिनिटांवर येणाऱ्याचा होतो. पुढे तो वाढतो, पण हळूहळू.

नवख्याने पहिल्या रविवारी कर्नाळ्याच्या अर्ध्या वाटेवरूनच परत फिरावे, आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे. चढणीवर लागलेला साधा दम बसल्यावर काही मिनिटांत उतरतो. तो उतरत नसेल, छातीत दडपण येत असेल, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर तो व्यायामाचा दम नव्हे. पुढे एक पाऊलही न टाकता तिथेच बसावे आणि १०८ ला फोन लावावा.