‘ऑड’ म्हणजे विचित्र?

वस्तीला नळजोड वाढवून मिळावेत म्हणून मी इंग्रजीत अर्ज लिहिला होता. त्यात ‘फिफ्टी ऑड फॅमिलीज’ असे शब्द होते. मंडळाच्या बैठकीत अर्ज वाचला, तेव्हा दहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, “काका, आम्ही काय विचित्र आहोत?”

तिला राग येण्याचे कारण होते. एका चपलेचा पट्टा तुटला म्हणून वेगळ्या रंगाचा बसवून ती शाळेत गेली, तेव्हा वर्गातल्या मुली तिला ‘ऑड’ म्हणून हसल्या होत्या. शब्दकोशात तिने तोच अर्थ पाहिला होता.

चूक माझीच. ‘पन्नासच्या वर काही’ असे म्हणायचे तर आकडा आणि ‘ऑड’ यांच्यामध्ये छोटी जोडरेघ हवी. ती गाळली तर ‘पन्नास विचित्र कुटुंबे’ असेही कोणी वाचील! बी. कॉम. होऊन, इतकी वर्षे जावक पत्रे टाईप करून हे ध्यानात राहिले नाही.

जोडी न जुळणाऱ्या वस्तूंना इंग्रजीत ‘ऑड’ म्हणतात. एक मोजा काळा, दुसरा निळा, ते ‘ऑड सॉक्स’. आपल्याकडे अशा जोडीला विजोड म्हणतात. (बेजोड नव्हे! बेजोड म्हणजे ज्याला तोड नाही असा. एका अक्षराने निंदेची स्तुती होते.) विषम संख्या ती ‘ऑड नंबर’. मिळेल ते किरकोळ काम म्हणजे ‘ऑड जॉब’. नाक्यावर उभे राहणाऱ्यांना ते सांगायला नको.

हा शब्द इंग्रजीत आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे ‘ओड्डी’ म्हणजे त्रिकोण. त्याची तळाची दोन टोके एकमेकांची जोडीदार, तिसरे एकटे. त्यावरून विषम संख्या. त्याच भाषेत ‘ओड्डामाध्र’ म्हणजे तिसरा माणूस. दोन्ही बाजूंची मते सारखी पडली, तर निकाल त्याच्या मताने लागे. ‘विचित्र’ हा अर्थ पुष्कळ मागाहून चिकटला.

ब्रिटनमधल्या शाळांत तर नोव्हेंबरात एक दिवस मुले मुद्दाम विजोड मोजे घालून येतात. वेगळे दिसणाऱ्या मुलाला कोणी छळू नये, यासाठी तो दिवस.

एवढे सांगितल्यावर मुलीने पेन मागितले. अर्जातली जोडरेघ तिनेच घातली.