खनिजांची ओळख (भाग ७) : भट्टीविना तांबे

तांब्याचे धातुक भट्टीत जाण्याआधी दळावे लागते आणि फेसाच्या टाक्यांतून काढून त्यातला तांब्याचा अंश वाढवावा लागतो, हे मागच्या भागात आले. हा खर्चही भागणार नाही इतके कमी तांबे असलेला दगड खाणीशेजारी टाकून देतात. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड येथे हिंदुस्तान कॉपरची मोठी खाण आहे. तिथल्या चांगल्या धातुकातही तांबे शेकडा एकाच्या आसपासच असते. मग हलक्या दगडाचे काय करायचे? या प्रश्नावर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेने जीवाणू वापरून पाहिले. या पद्धतीला जैव निक्षालन म्हणतात.

यातला मुख्य जीवाणू ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. १९४७ मध्ये अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आंबट पाण्यात तो सापडला. लोहाचे आणि गंधकाचे ऑक्सिडीकरण करून तो ऊर्जा मिळवतो, तर कार्बन हवेतून घेतो. त्याने तयार केलेले फेरिक लोह तांब्याच्या सल्फाइडवर तुटून पडते. तांबे पाण्यात उतरते आणि लोह पुन्हा फेरस होते. जीवाणू त्याचे परत फेरिक करतो. असे चक्र चालू राहते. आम्लधर्मी पाण्यात हे काम आपोआप फार सावकाश होते, जीवाणू ते लाखो पटींनी वेगवान करतो. गंधकापासून गंधकाम्लही तयार होते आणि त्याच आम्लात हे जीव सुखाने वाढतात.

खाणीवर यासाठी पाणी न झिरपणाऱ्या अस्तरावर फोडलेल्या दगडाचा ढीग रचतात. वरून सौम्य आम्ल शिंपडतात, खाली निळसर-हिरवे पाणी जमा होते. विशिष्ट द्रावकाने त्यातले तांबे वेगळे काढतात आणि मग विजेच्या साहाय्याने त्याचे शुद्ध पत्रे मिळवतात. अमेरिकेतील केनेकॉट कंपनीने १९५८ मध्ये या कामासाठी जीवाणू वापरण्याचे पेटंट घेतले. पुढे चिलीत ही रीत मोठ्या प्रमाणावर रुळली. मलांजखंडची अडचण वेगळी आहे. तिथले मुख्य खनिज कॅल्कोपायराइट, आणि ते हट्टी असते. विरघळताना त्याच्या पृष्ठभागावर थर धरतो आणि काम मंदावते.

ही रीत कोणत्याही दगडाला चालेल का, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. जिल्ह्यातला बहुतेक खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्ट. त्यातही टनामागे साधारण शंभर-दोनशे ग्रॅम तांबे असते. मग विहिरींतून निघालेल्या दगडांचे ढीग रचून त्यांवर जीवाणू सोडले तर? हाती काही लागणार नाही. हे तांबे मुख्यतः सिलिकेट आणि ऑक्साइड खनिजांत विखुरलेले आहे, त्यामुळे जीवाणूला लागणारे सल्फाइड नावापुरतेच मिळेल. वर बेसाल्टमधली खनिजे आम्ल शोषून घेतील.

थोडक्यात, जीवाणू धातुकाची किमान प्रत खाली आणतो, पण वाटेल त्या दगडाचे धातुक करत नाही. हेच जीवाणू बेवारस खाणीत मोकाट सुटले की ओढ्याचे पाणी आंबते आणि त्यात जड धातू उतरतात. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.