पसंतीक्रम कसा लावावा? प्रवेशामागचे गणित

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अनेक घरांत एकच विषय असतो. मुलाला किंवा मुलीला संगणकशास्त्र शिकायचे असते. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय मनात असते, त्याच्या वर पुण्यामुंबईची एकदोन नावे असतात आणि गुण फारच चांगले असतील तर आय.आय.टी. मग पसंतीक्रमाचा अर्ज भरायची वेळ येते. घरात कोणी हा अर्ज पूर्वी भरलेला नसतो, म्हणून मंडळी नेट कॅफेत जातात. तिथे कोणीतरी जाणकार सांगतो, 'मिळणार नाही ते वर कशाला टाकता? जे नक्की मिळेल ते एक नंबरला टाका.'

सल्ला शहाणपणाचा वाटतो. त्याप्रमाणे जवळचे एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर जाते आणि जागाही मिळते. पुढे याद्या लागल्यावर लक्षात येते, की जे महाविद्यालय खरोखर हवे होते तिथली शेवटची जागा आपल्यापेक्षा मागे असलेल्या विद्यार्थ्याला मिळाली आहे. पण राज्याच्या प्रक्रियेत पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप कायम धरली जाते. पुढच्या फेऱ्यांचा रस्ता तिथेच बंद होतो. बारा वर्षांच्या अभ्यासाचे फळ एका चुकीच्या क्रमाने हातचे जाते.

हा सल्ला चुकीचा का आहे हे समजण्यासाठी अर्जामागचे गणित पाहायला हवे. ते अवघड नाही आणि गंमत म्हणजे ते संगणकशास्त्राचेच एक सुंदर प्रकरण आहे. या शाखेची जागा ठरवणाऱ्या परीक्षांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित विचारतात. संगणकावर एकही प्रश्न नसतो. मुलांना संगणकशास्त्र पहिल्यांदा भेटते ते या अर्जात, असे म्हटले तरी चालेल.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

प्रथम एक गैरसमज दूर करू. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरपैकी ९९ गुण असा नाही. परीक्षेला बसलेल्या दर शंभर जणांमागे सुमारे ९९ जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, ३ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले. मग ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे ३,००० विद्यार्थी असतील. ९९.५ असेल तर सुमारे १,५०० आणि ९९.९ असेल तर सुमारे ३००. आकड्यात एका टक्क्याहून कमी फरक, पण रांगेत २,७०० जणांचे अंतर! ज्या शाखेला सर्वांत जास्त मागणी आहे तिथे हे अंतर निर्णायक ठरते.

ही परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एका सत्राची सोपी, दुसऱ्याची कठीण, असे होऊ शकते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच सत्रातल्या विद्यार्थ्यांशी करतात आणि मग सर्वांचे पर्सेंटाइल एकत्र मांडून गुणवत्ता यादी करतात. विद्यार्थी सत्रांमध्ये सरमिसळ वाटले गेले आहेत, हे त्यामागचे गृहीतक.

एक यादी असेल तर

राज्याची ही गुणवत्ता यादी लागली की पुढची रीत साधी आहे. यादीतला पहिला विद्यार्थी घ्यायचा, त्याचा पसंतीक्रम वरून खाली वाचायचा आणि जी पहिली रिकामी जागा दिसेल ती त्याला द्यायची. मग दुसरा, मग तिसरा. आरक्षणामुळे जागांचे वेगवेगळे गट असतात आणि हिशेब लांबतो, पण तत्त्व हेच.

आता ५,००० वा विद्यार्थी पाहा. त्याच्या पाळीला संगणक आपली नजर त्याच्या यादीवर वरून खाली फिरवतो. पहिली पसंती भरलेली असेल तर दुसरी बघतो, दुसरी भरलेली असेल तर तिसरी. या शोधात तो आपला क्रमांक गमावत नाही. ५,००१ वा विद्यार्थी अजून मागेच उभा असतो. म्हणजे न मिळणारी जागा वर लिहिल्याने काहीच तोटा होत नाही. तोटा होतो तो मिळू शकणारी आणि हवी असलेली जागा खाली लिहिल्याने.

दोन याद्या असतील तर

आय.आय.टी.चे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. तिथे आधी जेईई मेन आणि त्यातल्या वरच्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांना जेईई ॲडव्हान्स्ड अशा दोन पायऱ्या असतात. २०२४ मध्ये ॲडव्हान्स्डला १,८०,२०० विद्यार्थी बसले आणि २३ आय.आय.टीं.मध्ये सर्व शाखा मिळून १७,७४० जागा होत्या. मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्राची खुल्या गटाची यादी अलीकडच्या वर्षांत देशातल्या साठ-सत्तराव्या क्रमांकापाशीच थांबते.

पण नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.सारख्या संस्था जेईई मेनचा क्रमांक पाहतात. एकच विद्यार्थी एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत खाली असू शकतो. २०१४ पर्यंत दोन्हीकडचे प्रवेश वेगवेगळे चालत. एखाद्याला दोन्हीकडे जागा मिळे, तो एक सोडून देई आणि ती जागा रिकामी राहण्याची भीती असे. २०१५ पासून दोन्हींचे वाटप एकत्र होऊ लागले. त्याची रीत बसवण्यात मुंबई आय.आय.टी.चे शरत चंद्रन आणि कानपूर आय.आय.टी.चे सुरेंदर बसवाना यांच्यासारख्या संगणकशास्त्रज्ञांचा हात होता. रिकाम्या जागा त्यामुळे लक्षणीय घटल्या.

या रीतीचे मूळ १९६२ सालच्या एका छोट्या लेखात आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकी गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशाचाच प्रश्न घेऊन तो लिहिला होता. लेखात समीकरणे जवळजवळ नाहीत. आहे तो केवळ तर्क. २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना या विषयातील कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तेव्हा हयात नव्हते.

वर्गात करून पाहा

ही रीत फळ्यावर किंवा चिठ्ठ्यांनी दहा मिनिटांत करता येते. अ, ब, क हे तीन विद्यार्थी आणि प, फ, भ ही तीन महाविद्यालये घ्या. प्रत्येकाकडे एकच जागा आहे.

पसंतीक्रम असे: अ ला हवे प, मग फ, मग भ. ब ला हवे फ, मग प, मग भ. क लाही फ, मग प, मग भ.

गुणवत्ता याद्या अशा: प च्या परीक्षेत ब पहिला, अ दुसरा, क तिसरा. फ आणि भ यांच्या परीक्षेत अ पहिला, क दुसरा, ब तिसरा.

नियम दोनच. प्रत्येक विद्यार्थी आपल्या यादीत वरून खाली विचारत जातो. महाविद्यालय आतापर्यंत विचारलेल्यांपैकी सर्वांत वरच्याला *तात्पुरता* होकार देते आणि बाकीच्यांना नकार.

पहिल्या पायरीत अ विचारतो प ला. ब आणि क विचारतात फ ला. फ च्या यादीत क वर आहे, म्हणून ब ला नकार. ब आता प कडे जातो. प च्या यादीत ब हा अ च्या वर आहे, म्हणून अ ला दिलेला होकार मागे घेतला जातो. अ जातो फ कडे. तिथे तो क च्या वर आहे, म्हणून क सुटतो. क प ला विचारतो, तिथे ब बसलेला आहे, नकार. शेवटी क ला भ मिळते. उत्तर: अ ला फ, ब ला प, क ला भ.

ही प्रक्रिया थांबेलच याची खात्री काय? कोणीही एकाच महाविद्यालयाला दोनदा विचारत नाही, म्हणून तीन विद्यार्थ्यांचे तीन-तीन मिळून जास्तीत जास्त ९ प्रश्न. लाखो विद्यार्थी असले तरी हाच युक्तिवाद लागू पडतो.

इथे हुशार विद्यार्थी एक शंका काढतील, आणि ती काढायलाच हवी. अ आणि ब यांनी जागा बदलल्या तर दोघांनाही पहिली पसंती मिळेल आणि क आहे तिथेच राहील. मग तसे का करू नये? कारण मग ब फ मध्ये बसेल आणि फ च्या यादीत त्याच्या वर असलेला क विचारेल, 'मी पुढे असताना ती जागा याला कशी?' त्या प्रश्नाला उत्तर नाही. असा न्याय्य आक्षेप ज्या वाटपावर कोणीच घेऊ शकत नाही, त्याला 'स्थिर' वाटप म्हणतात. गेल आणि शॅप्ली यांनी दाखवले, की या रीतीने नेहमीच स्थिर वाटप मिळते. आणि सर्व स्थिर वाटपांपैकी प्रत्येक विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत चांगले तेच असते.

खरे लिहिण्यातच फायदा

'तात्पुरता' या शब्दात सगळी किल्ली आहे. आपण एखाद्या महाविद्यालयाकडे पाचव्या पसंतीला पोचलो, तरी आधी येऊन बसलेल्यापेक्षा आपली गुणवत्ता वर असेल तर जागा आपली. उशिरा पोचण्याची शिक्षा नाही. म्हणूनच या रीतीत खोटा क्रम लावून कोणाचाही फायदा होऊ शकत नाही, हे डूबिन्स आणि फ्रीडमन यांनी १९८१ मध्ये आणि रॉथ यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले.

नेट कॅफेतला सल्ला मग आला कुठून? काही ठिकाणी पूर्वी वेगळी रीत होती. तिथे पहिल्या पसंतीवाल्यांना आधी कायमच्या जागा देत. दुसऱ्या पसंतीने येणाऱ्याला उरलेले मिळे. अशा रीतीत पहिली पसंती खरोखर 'वाया' जाते. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या शाळांत अशीच पद्धत होती. चलाख पालक क्रम फिरवून फायदा घेत आणि सरळपणे लिहिणारे मागे राहत. २००५ मध्ये तिथल्या शिक्षण समितीने ती बदलून गेल-शॅप्लींची रीत स्वीकारली. आपल्याकडचे अर्ज त्या जुन्या पद्धतीचे नाहीत, हे पालकांना सांगायला हवे.

विद्यार्थ्यांना काय सांगावे

पहिले, क्रम मनाने लावा. 'दोन्ही जागा समोर ठेवल्या तर कोणती घेईन?' एवढाच प्रश्न प्रत्येक जोडीला विचारा. मागच्या वर्षीचे आकडे यादी किती लांब करायची हे ठरवायला वापरा, क्रम ठरवायला नव्हे. वर हवी तितकी स्वप्ने लिहा, पण खाली नक्की मिळतील अशाही काही जागा लिहा.

दुसरे, त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. वरचे सिद्धांत एका फेरीचे आहेत. फेऱ्या अनेक असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत वरच्या काही पसंतींपैकी जागा मिळाली तरी ती आपोआप कायम धरायची, असाही नियम असू शकतो. अशा वेळी वरचा क्रम खरा असणे अधिकच महत्त्वाचे. मिळालेली जागा हातात ठेवून अधिक वरच्या पसंतीची वाट पाहायची सोय असते. पण वरची जागा मिळाली की खालची सुटते. म्हणजे जिथे जायचेच नाही ते यादीत लिहू नका.

तिसरे, कागदपत्रे. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे जून महिन्यात धावाधाव करून मिळत नाहीत. अकरावीतच आठवण करून देणे वर्गशिक्षकांच्या हातात आहे.

चौथे, मुलींचा क्रम मुलींना लावू द्या. 'घराजवळचे' म्हणून कऱ्हाड किंवा इस्लामपूर सांगलीच्या वर टाकायचे असेल तर जरूर टाका. पण तो तिचा निर्णय असावा. खर्च हे कारण असेल तर २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना केंद्रीय प्रवेशाने मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे, हे तिच्या पालकांना माहीत असू द्या.

शेवटी, चिठ्ठ्यांचा तो खेळ निकालानंतर नव्हे, अकरावीतच घ्या. तीनऐवजी दहा विद्यार्थी आणि चार महाविद्यालये घ्या. एकाला मुद्दाम खोटा क्रम लावू द्या आणि बाकी सर्व तसेच ठेवून पुन्हा खेळा. त्याला पहिल्यापेक्षा चांगली जागा मिळते का, हे मुलांनाच शोधू द्या. ज्याने हे स्वतः करून पाहिले, तो अर्ज भरायला बसेल तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या जाणकाराचे म्हणणे ऐकून घेईल, पण क्रम स्वतःचाच लिहील.