मैहरचा बँड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मझौलीहून सिहोरा रोडला येऊन सतन्याकडची गाडी धरली म्हणजे कटनीच्या पुढे मैहर लागते, आणि तेथे आपली बहुतेक मंडळी शारदादेवीच्या दर्शनासाठीच उतरतात. त्याच गावी शंभर वर्षांहून अधिक काळ एक वाद्यवृंद नांदतो आहे, हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्याही मनात 'मैहर बँड' या नावामुळे काही चुकीच्या समजुती घर करून बसलेल्या आढळतात.

बँड म्हटला की पलटणीचा नाहीतर वरातीचा, पितळी कर्ण्यांचा, ही त्यांतली पहिली समजूत. प्रत्यक्षात सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, हार्मोनियम, जलतरंग आणि तबला यांच्या मेळाने रागदारीतील बांधीव रचना वाजविणारा हा वृंद आहे. त्याचे जनक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी उमेदवारीच्या काळी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडून व्हायोलिनचे शिक्षण घेतले होते, आणि अनेक वाद्यांना एका शिस्तीत बांधण्याची त्यांची दृष्टी तेथील वाद्यवृंदांच्या सहवासात घडली.

हा बँड म्हणजे संस्थानिकाच्या दरबारी विलासाचे एक अंग, ही समजूत मात्र मला अन्यायाची वाटते. मैहर संस्थानचे महाराज बृजनाथसिंह यांनी उस्तादांना दरबारी तैनात केले हे खरे. परंतु १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने जी मुले पोरकी झाली, त्यांना जवळ करून, त्यांच्या हाती वाद्ये देऊन हा वृंद उभा राहिला. विद्या ही पुत्रपौत्रांसाठी कुलुपात ठेवण्याची ठेव मानली जाण्याच्या त्या काळात, संगीताचे घराणे तर दूरच, ज्यांना घरच उरले नव्हते अशा मुलांसमोर एका श्रेष्ठ कलावंताने आपले भांडार उघडले, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात फार मोलाची आहे.

या बँडमधील नलतरंग या वाद्याविषयीही ऐकीव गोष्टी पुष्कळ. बंदुका वितळवून ते ओतले, असे काही जण समजतात. तसे नव्हे, संस्थानच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांच्या नळ्या लहानमोठ्या मापांनी कापून, त्या ओळीने मांडून, छोट्या काड्यांनी त्यांवर आघात करावयाचा, अशी ही योजना आहे. नळी जितकी आखूड तितका तिचा स्वर उंच. म्हणून तिचे तोंड जपून कमी करीत गेले म्हणजे स्वर हळूहळू चढून नेमक्या जागी येतो.

रविशंकर आणि अली अकबर खाँ या बँडचे वादक होते, असेही सांगितले जाते. ते उस्तादांचे शिष्य, अली अकबर तर पुत्रच. पण त्यांची तालीम एकल वादनाची होती, आणि बँडचा संसार निराळा होता.

शेवटची समजूत अशी की, १९७२ साली उस्ताद गेले आणि बँडही संपला. वादकांवरच उभे असलेले बँड असतात खरे; टोरंटोचा 'रश' हा रॉक बँड १९७४ पासून २०१५ पर्यंत त्याच तिघांनी चालविला. तेथे वादक हीच बँडची ओळख होती. मैहरला मात्र व्यक्ती बदलत गेल्या आणि रचना पुढच्या हातांत जात राहिल्या. संस्थान १९४८ साली विंध्य प्रदेशात गेले, १९५६ साली तो मध्य प्रदेशात विलीन झाला, दरबार उठला, दप्तरे बदलली, तरी मैहरच्या शासकीय संगीत महाविद्यालयाच्या आश्रयाने उस्तादांच्या रचना आजही वाजतात. त्यांच्या नावाचा संगीत समारोहही तेथे भरतो. तेव्हा शारदादेवीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी आपल्या मुलाबाळांना बरोबर घ्यावे, आणि हा वृंद ऐकल्यावाचून मैहर सोडू नये.