बोटीवर राखणीला कुत्रा: चावणारा नको, भुंकणारा हवा!

घराला कुंपण असतं, बोटीला नसतं. कालव्याच्या काठाला बांधलेल्या बोटीवर रात्री कुणीही एक पाऊल टाकून चढू शकतं. मग बोटीवरच राहणारी माणसं राखण कशी करतात? बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या मालवाहू बोटींवर याचं एक जुनं उत्तर होतं: कुत्रा.

३ ते ९ किलोचा पहारेकरी

बेल्जियमचा स्किपर्की हा काळा, टोकदार कानांचा कुत्रा. वजन जेमतेम ३ ते ९ किलो. इतका छोटा कुत्रा राखणीला कसा? कारण बोटीत माल जास्त आणि माणसांना जागा कमी. त्यात मोठा कुत्रा अडचणच झाला असता. शिवाय स्किपर्की उंदीरही मारायचा.

त्याच्या नावाचा अर्थ 'छोटा नावाडी' की 'छोटा मेंढपाळ', यावर आजही वाद आहे. १८८५ मध्ये बेल्जियमच्या राणीनं हा कुत्रा घेतला आणि बोटीवरचा राखणदार श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहोचला.

केसहोंडचं राजकारण

नेदरलँड्समध्ये हे काम केसहोंड करायचा. अंगभर दाट केस असले तरी नावातला 'केस' आपला नाही, ते तिथल्या माणसाचं नाव आहे. १८व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजघराण्याच्या विरोधकांनी या कुत्र्याला आपलं प्रतीक बनवलं. १७८७ मध्ये ते हरले आणि हा कुत्रा पाळणंच जोखमीचं झालं. अनेकांनी तो सोडून दिला. बोटींवर आणि शेतांवर मात्र तो टिकला.

भुंकणं का पुरतं?

चोराची भिस्त अंधारावर आणि शांततेवर असते. अनोळखी पाऊल पडताच कुत्रा भुंकला, तर मालक जागा होतो आणि शेजारच्या बोटीही सावध होतात. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्या कुत्र्याकडे हळूहळू कुणीच लक्ष देत नाही. म्हणून 'बस' म्हटल्यावर थांबायला शिकवणंही तितकंच गरजेचं.

राखणदाराची राखण

कुत्र्याला पोहता येत असलं, तरी बोटीच्या उभ्या कडेवरून त्याला परत चढता येत नाही. रात्री तो पाण्यात पडला तर कुणाला कळणारही नाही. म्हणून पाठीवर उचलायची मूठ असलेलं लाइफ जॅकेट, कठड्याला जाळी, प्यायला गोडं पाणी आणि उन्हात सावली, एवढं तरी हवंच. कुत्रा असला तरी दाराला कुलूप लागतंच.

सीमा ओलांडताना तर वेगळाच पेच. रेबीजच्या भीतीनं अनेक देशांचे नियम कडक आहेत. फ्रान्समधून ब्रिटनला स्वतःच्या खासगी बोटीनं कुत्रा नेता येत नाही, मान्यताप्राप्त मार्गानंच न्यावा लागतो. म्हणजे जिची राखण करायची, तीच बोट सोडून त्याला दुसऱ्या वाहनानं जावं लागतं!