पित्तच असेल, असं म्हणण्याआधी

आपल्याकडे बाईला काहीही झालं तरी ते आधी पित्तच असतं. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. चक्कर आली, तरी पित्तच. मग छातीत जळजळ झाली, घशाशी आंबट पाणी आलं तर विचारायलाच नको. सासू म्हणते आवळासुपारी चघळ, जाऊ म्हणते गार दूध पी, शेजारीण ईनोची पुडी घेऊन येते आणि मेडिकलवाला काही न विचारता गोळी काढून देतो. बहुतेक वेळा त्यावर भागतंही. सकाळी बाई पुन्हा चुलीपुढे उभी.

कधी याच्या उलट होतं. रात्री दीड-दोनला छातीत कळ येते, श्वास अडकल्यासारखा होतो, हातपाय गार पडतात. घरातली माणसं घाबरतात, शेजाऱ्याची जीप काढून गेवराईहून, आष्टीहून, धारूरहून बाईला दवाखान्यात नेतात. ईसीजी निघतो. डॉक्टर सांगतात, "हृदय ठीक आहे, ॲसिडिटी दिसतेय." परतीच्या वाटेवर कुणीतरी बोलून जातं, "एवढ्यासाठी रात्री सगळ्यांना उठवलंस!" या एका वाक्याने फार नुकसान होतं. पुढच्या वेळी छातीत कळ आली की ती बाई तोंडच उघडत नाही. भिंतीला पाठ लावून उजाडायची वाट पाहते. आणि त्या वेळी दुखणं पित्ताचं नसलं तर?

मैत्रिणींनो, ही दोन दुखणी एकसारखी का वाटतात ते आधी पाहू. घास जिच्यातून खाली जातो ती अन्ननलिका छातीत हृदयाच्या अगदी मागून उतरते. दोघांच्या संवेदना नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे कळ नेमकी कुठून आली, हे मेंदूला नीट कळत नाही. इंग्रजीत तर या जळजळीचं नावच हार्टबर्न! तिचा हार्टशी काही संबंध नसतो, पण नाव ठेवणाराही फसलाच असणार.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटायला हवी. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला आतून अस्तर असतं, त्याला आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही, ती पोळते. काही वेळा ती आवळली जाते, पेटका आल्यासारखी. ही कळ पाठीत जाते, खांद्यात जाते, हातातही जाऊ शकते. भलेभले डॉक्टरही नुसतं ऐकून सांगू शकत नाहीत की हे काय आहे.

इथे दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिली, ईनो घेतल्यावर बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं. हृदयाची कळ मध्येच आपोआप कमी होऊ शकते, ढेकर आल्याने मोकळं वाटू शकतं. दुसरी, सासऱ्यांच्या डब्यातली जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली आणि बरं वाटलं म्हणजे हृदयच. ती गोळी आवळलेली अन्ननलिकाही सैल करते. म्हणजे घरच्या घरी गोळी देऊन परीक्षा घ्यायची सोय नाही.

आता आपल्या भागाचं बोलू. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीवरच्या बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. रिकाम्या पोटी चहा, मग फडात. भाकरी आणि ठेचा मिळेल तेव्हा. खाल्लं की लगेच वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी. भरल्या पोटी वाकलं की आम्ल वर येणारच, ते साधं आहे. कंबर दुखते म्हणून रोज अंगदुखीची गोळी, तीही बऱ्याचदा उपाशीपोटी. या गोळ्यांनी जठराला जखमा होतात. आणि दवाखान्यात जावं तर खाडा पडतो, मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. मग पित्त म्हणून अंगावर काढणं हेच स्वस्त पडतं.

गावात, तालुक्याला राहणाऱ्या आपणही काही फार वेगळ्या नाही. सगळ्यांची ताटं झाल्यावर रात्री दहाला जेवायचं, भांडी आवरून लगेच आडवं व्हायचं. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. दिवसभर चहावर आणि संध्याकाळी साबुदाणा-शेंगदाणे. परकराची नाडी कंबरेला करकचून बांधलेली. ती पोट दाबते, आणि पोट दाबलं की आम्ल वर ढकललं जातं. गरोदरपणात तर जळजळ हमखास असते. आणि मिसरी. तोंड धुण्याच्या नावाखाली आपण दिवसातून चार वेळा तंबाखू लावतो आणि तंबाखू खात नाही असं सांगतो. तंबाखूने ती झडप सैल पडते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब होतात. एकाच डबीतून दोन्ही दुखणी येतात. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं तर मिसरीचं सांगा, लाजू नका.

बायकांना हृदयविकार होत नाही, तो पुरुषांचा आजार, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. पडद्यावरची सगळ्यांची लाडकी आई, रीमा लागू, १८ मे २०१७ ला गेल्या. वय ५८. आदल्या दिवशीपर्यंत मालिकेचं शूटिंग चालू होतं. रात्री छातीत दुखू लागलं म्हणून त्यांना मुंबईत रुग्णालयात नेलं आणि पहाटे त्या गेल्या. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा साधारण सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो एवढंच. पाळी चालू असेपर्यंत शरीरातल्या स्त्री-संप्रेरकांचं थोडं संरक्षण असतं. पाळी गेली की तेही संपतं.

आणि इथेच आपल्या जिल्ह्यावर वेगळं संकट आहे. ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात पस्तिशी-चाळिशीच्या आतल्याही होत्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं झिजतात आणि हृदयाचं संरक्षणही तेव्हाच जातं. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. अशा बाईच्या छातीत दुखलं आणि कुणी म्हणालं, "एवढी तरणी आहे, तिला कसला अटॅक?" तर ते मुळीच ऐकू नका. ऑपरेशनचा कागद असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि पिशवी काढल्याचं न विचारताही सांगा.

मग ओळखायचं कसं? काही खुणा आहेत. त्या सगळ्यांना सारख्या लागू पडत नाहीत, हे आधीच सांगते.

पित्ताची जळजळ बहुधा बेंबीच्या वरून, बरगड्यांच्या मधल्या खळग्यातून सुरू होते आणि वर घशाकडे चढते. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते. उठून बसलं की कमी होते. तोंडात आंबट-कडू पाणी, करपट ढेकर, सकाळी आवाज बसलेला, रात्री कोरडा खोकला. आणि हे महिनोन्महिने, एकाच पद्धतीने चाललेलं असतं.

हृदयाची कळ बरेचदा दुखण्यापेक्षा दाबल्यासारखी असते, छातीवर पाटा ठेवल्यासारखी. ती बोटाने दाखवता येत नाही, बाई पूर्ण तळहात छातीवर ठेवते. ती डाव्या हातात जाते, कधी दोन्ही हातांत, जबड्यात, गळ्यात, पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मध्ये. गार घाम फुटतो. मे महिन्यात बीडला सगळ्यांनाच घाम असतो, पण हा घाम वेगळा, अंग थंड आणि ओलं. बायकांमध्ये बऱ्याचदा या सगळ्याला धाप, मळमळ, उलटी आणि कधी न आलेला थकवा यांची जोड असते. काहींना छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो. साखरेचा आजार असेल तर दुखणं आणखी दबून राहतं.

एक खूण मात्र लक्षात ठेवाच. हंडा आणताना, जिना चढताना, मोळी उचलताना छातीत जळजळतं किंवा भरून येतं आणि पाच मिनिटं टेकलं की थांबतं. असं दोन-चारदा झालं असेल तर ते पित्त समजू नका, मग ती जळजळ कितीही पित्तासारखी असो. श्रमाने येतं आणि विश्रांतीने जातं ते हृदयाचं असण्याची शक्यता मोठी. अटॅक येण्याआधीची ही सूचना असते आणि या वेळी दाखवलं तर खूप काही करता येतं.

छातीतली कळ बसूनही थांबत नाही, दहा-पंधरा मिनिटं झाली, घाम आहे, धाप आहे. तर उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. बाईला चालवत नेऊ नका, स्वयंपाकघर आवरू देऊ नका. (हसू नका, "एवढी भांडी घासून निघू" म्हणणाऱ्या बायका असतात.) ॲस्पिरिनची गोळी घरात असली तरी फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण पोटात जखम असेल तर ती नडते.

बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बीडहून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अटॅकमध्ये रक्तवाहिनीत गाठ अडकलेली असते आणि ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगलं काम करतं, बारा तासांनंतर फारसं नाही. म्हणून थेट मोठ्या शहराकडे गाडी पळवण्याआधी जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे काढून घ्या. पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल येतो. दुखणं चालूच असेल तर डॉक्टर थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने करतात. "परत कशाला?" म्हणून घाई करू नका. पुढे अँजिओप्लास्टी लागली तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. निघताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या.

तपासण्या झाल्या आणि पित्तच निघालं, तर उत्तमच. रात्री उठवलं म्हणून कुणी कुरकुर केली तर करू दे. आता त्या पित्ताचाही बंदोबस्त करायला हवा. झोपण्याआधी तीन तास जेवण. मुलांबरोबरच जेवायला बसा, काही बिघडत नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. नुसत्या उशा वाढवल्या तर मान दुमडते आणि पोट उलट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. नाडी सैल बांधा. मिसरी सोडा. खायचा सोडा पाण्यातून रोज पिणं बंद करा, त्यातल्या सोडियमने बीपीवाल्यांना त्रास होतो. गार दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, नंतर आम्ल आणखी सुटतं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात, जळजळ उठल्यावर नाही. आणि किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. घास अडकतो, वजन उतरतंय, उलटीत रक्त दिसतं किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते, तर दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्यावी लागते.

आणि ईसीजीचा तो गुलाबी चौकडीचा कागद फेकू नका. उष्णतेने त्यावरच्या रेषा हळूहळू फिकट होतात, तेव्हा लगेच झेरॉक्स काढून घ्या, तारीख टाका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर आधी तोच मागतील, जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून बघायला.