तंबाखूचे मुरणे

मुरणे हा मराठीतला मोठा सूचक शब्द आहे. बरणीतले लोणचे मुरते, पाकातला आवळा मुरतो, आणि एखाद्या कसबात आयुष्य घालविलेल्या माणसालाही लोक मुरलेला म्हणतात. याच भाषेत शिळा असाही एक शब्द आहे. काळ दोहोंवरून सारखाच जातो. परंतु एकाची गोडी त्याने वाढते आणि दुसऱ्याची नाहीशी होते. हा भेद कशामुळे पडतो, हे पाइपात ओढल्या जाणाऱ्या तंबाखूच्या उदाहरणाने फार स्पष्ट होते. इंग्लंड-अमेरिकेतील पाइपचे शौकीन तंबाखूचे बंद डबे विकत घेतात, त्यांवर तारीख घालतात आणि पाच, दहा, प्रसंगी वीस वर्षे ते न उघडता ठेवून देतात. जुन्या डब्याला नव्याहून अधिक किंमत येते. त्या बंद डब्यात इतकी वर्षे नेमके काय चाललेले असते?

पाइपची तंबाखू सहसा एकाच जातीची नसते. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या रीतींनी वाळविलेली पाने एकत्र करून तिचे मिश्रण सिद्ध करतात. या मिश्रणांत व्हर्जिनिया जातीच्या पानाला मोठे स्थान आहे. तोडलेल्या हिरव्या पानात पिष्ट साठलेले असते. अशी पाने बंद कोठीत टांगतात आणि धूर न लागू देता, नळ्यांतून खेळविलेल्या उष्णतेने ती पाच ते सात दिवसांत वाळवितात. प्रारंभीच्या मंद उष्णतेत व दमट हवेत पान अद्याप जिवंत असते. त्यातील विकरे पिष्टाची साखर करतात आणि पान पिवळे पडते. मग उष्णता क्रमाक्रमाने वाढवून सत्तर अंशांच्या आसपास नेतात. पानातील जीवनक्रिया थांबते आणि तयार झालेली साखर आतल्या आत अडकून राहते. उत्तर कॅरोलायनातील कॅसवेल परगण्यात १८३९ साली स्टीफन नावाच्या एका गुलामाने कोठीतील विझत आलेली आग लोणारी कोळसा घालून एकाएकी भडकविली आणि पाने पिवळीधमक निघाली, अशी या तंबाखूच्या जन्माची हकीकत सांगतात. नळ्यांची सोय पुढे आली. आंध्र व कर्नाटकात पिकणारी व्हर्जिनिया तंबाखू याच पद्धतीने वाळविली जाते. निपाणीच्या बाजूची विडीची तंबाखू मात्र उन्हात वाळविलेली असते.

व्हर्जिनियाच्या सुक्या पानात शेकडा १० ते २५ इतकी साखर असू शकते. मुरण्याचे भांडवल ते हेच. नुकत्याच वाळविलेल्या पानाचा धूर जिभेला झोंबतो आणि त्याला कच्चा, गवतासारखा दर्प येतो. म्हणून कारखान्यात जाण्यापूर्वीच हे पान योग्य तेवढा ओलावा राखून, दाबून भरतात आणि वखारीत एक ते तीन वर्षे ठेवतात. या काळात पानातील साखर व अमिनो आम्ले हळूहळू एकमेकांशी संयोग पावतात. पावाचे कवच भट्टीत खरपूस होते किंवा दूध आटविताना त्याला तांबूस रंग चढतो, त्या वेळी घडणारी क्रिया हीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भट्टीत जे काही मिनिटांत घडते ते वखारीतल्या साध्या उष्णतेत महिने नि वर्षे चालते. पान पिवळ्याचे तांबूस आणि तांबूसाचे गडद तपकिरी होते. साखर व अमिनो आम्ले घटतात, आणि त्यांच्यापासून झालेली नवी संयुगे पाइपात तापली की खरपूस भाजल्यासारखा वास देतात.

याच्या जोडीला दुसरीही एक क्रिया चालू असते. पानाला पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये हवेतील प्राणवायूने हळूहळू तुटतात. त्यांच्या मोठ्या रेणूंना वास नसतो. तुटून झालेल्या लहान रेणूंना मात्र सुगंध असतो, कोणाला फुलांचा तर कोणाला पिकल्या फळांचा. जुन्या व्हर्जिनियाला मनुकांसारखा गोडसर वास येतो तो या दोन्ही क्रियांमुळे. साखर तर कमी झालेली असते, आणि तरीही धूर अधिक गोड भासतो. याचे कारण असे की, गोडीचा हा भास साखरेपेक्षा सुगंधाने आणि तिखटपणा ओसरल्याने निर्माण होतो.

बर्ली नावाच्या पानाची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. ते कोठीत नुसत्या हवेवर कित्येक आठवडे वाळविले जाते. इतका काळ सावकाश मरणारे पान आपल्यातील साखर श्वसनातच खर्चून टाकते, आणि शेवटी तिचा अंशच उरतो. बर्लीची चव सुक्या दाण्यांसारखी, काहीशी कोकोसारखी असते. मुरण्याला लागणारी साखरच नसल्यामुळे वर्षे लोटली तरी बर्लीत व्हर्जिनियाइतका पालट होत नाही. कडवटपणा थोडा निवळतो, एवढेच. म्हणून कारखानदार तिला साखरेचा किंवा ज्येष्ठमधाचा पाक पाजतात. आपल्याकडे हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी कालवून ती मुरत घालीत, त्यातही हीच युक्ती आहे. जे पानात नाही ते बाहेरून दिल्याखेरीज काळ त्याचे काही करू शकत नाही.

पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी होणारी लहान पानांची तुर्की तंबाखू उन्हात वाळवितात. तिच्या पानांवर राळेसारखी सुगंधी द्रव्ये असतात. ती मुरताना तुटून धुपासारखा, किंचित आंबूस वास देतात. याच प्रदेशातील लाटाकिया ही तंबाखू सीरियातील त्या नावाच्या बंदरावरून ओळखली जाते. पुढे सायप्रस बेटावरही ती होऊ लागली. उन्हात वाळलेले पान सुगंधी झाडाझुडपांच्या धुरावर धरून ती तयार करतात. पान काळे पडते आणि त्याला धुराचा उग्र वास चिकटतो. हा वास बाहेरून आलेला असल्यामुळे तो मुरण्याने वाढत नाही. वर्षागणिक तो विरत जातो.

पेरीक या तंबाखूची कथा निराळी आहे. ती लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या सेंट जेम्स परगण्यात होते. चोक्टॉ व चिकसॉ या मूळच्या लोकांची ही रीत पाहून पिएर शने याने १८२४ च्या सुमारास तिचा व्यापार सुरू केला, अशी तेथील परंपरा आहे. पानांच्या गुंडाळ्या लाकडी पिंपांत भरून त्यांवर स्क्रूने जबर दाब देतात. पाने स्वतःच्या रसात बुडून आंबतात. मधूनमधून ती काढून हवा देऊन पुन्हा दाबतात, आणि असे किमान वर्षभर चालते. पेरीकला अंजिराचा व किंचित शिरक्याचा वास येतो. तिचे बरेचसे मुरणे पिंपातच आटोपलेले असते. म्हणून डब्यात ती स्वतः फारशी बदलत नाही, पण शेजारच्या व्हर्जिनियाला आपला आंबूसपणा देते.

ही सारी पाने एका डब्यात आली म्हणजे खरी गंमत सुरू होते. डब्यावर तारीख एकच असली तरी आतील प्रत्येक पान आपापल्या गतीने वयात येते. इंग्रजी पद्धतीच्या मिश्रणात व्हर्जिनिया, तुर्की आणि लाटाकिया एकत्र असतात. डबा नवा असताना लाटाकियाचा धूर बाकीच्यांना दडपून टाकतो. दहा वर्षांनी तो ओसरतो, व्हर्जिनियाची गोडी वर येते, आणि तीच तंबाखू दुसरीच कोणी वाटू लागते. ज्याला लाटाकियाचाच शौक आहे त्याच्या दृष्टीने हा डबा शिळा झाला. ज्याला व्हर्जिनिया प्रिय आहे तो म्हणेल की, डबा आता कुठे मुरला. व्हॅनिला किंवा कोको यांचा अर्क वरून शिंपडलेली मिश्रणे तर ठेवून फारशी सुधारत नाहीत, कारण शिंपडलेला गंध काळाबरोबर उडून जातो.

मुरण्यासाठी काळाबरोबर योग्य परिस्थितीही लागते. ओलावा फार घटला तर या क्रिया मंदावतात आणि सुगंध निघून जातो. फार वाढला तर बुरशी धरते. आरंभी डब्यात उरलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि कर्बाम्ल वायू निर्माण होतो; काही डब्यांची झाकणे वर्षांनंतर फुगलेली दिसतात ती त्यामुळे. उष्णता वाढविली तर हे सारे वेगाने घडते. कारखान्यांत पान वाफेवर वा तव्यावर तापवून थोड्या वेळात काळेभोर करतात. त्यात पिकलेपणाचा रंग आणि खरपूसपणा येतो. पण मंद गतीने तुटणाऱ्या द्रव्यांचा नाजूक सुगंध त्या घाईत हाती लागत नाही.

येथवर जे सांगितले ते चवीपुरते खरे आहे. परंतु चव मवाळ झाली म्हणजे वस्तूही निरुपद्रवी झाली, असा समज शौकिनांत सहज रुजतो, आणि तो घातक आहे. मुरण्याने धूर जिभेला झोंबेनासा होतो. निकोटिनाची ओढ मात्र राहते. कोणतेही पान जाळले की डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच, मग ते पान एका वर्षाचे असो की वीस वर्षांचे. तंबाखूतील नायट्रोसामीन नावाची कर्करोगकारक द्रव्ये वाळविताना व साठविताना तयार होतात; मुरण्याने ती नष्ट होत नाहीत, उलट उष्ण साठवणीत वाढू शकतात. धूर छातीत ओढला नाही तरी ओठ, जीभ व घसा त्याच्या वाटेतच असतात. पाइप ओढणे हे ओठाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने १९६४ सालीच नमूद केले आहे.

कच्च्या तंबाखूचा ठसका हा शरीराने दिलेला एक इशारा असतो. वखारीतील आणि डब्यातील वर्षे तो इशारा मऊ करतात, आणि ज्याच्यासाठी तो होता ते संकट जसेच्या तसे ठेवतात. लोणचे मुरते तेव्हा मीठ फोडींत उतरते, ते नाहीसे होत नाही. तंबाखूच्या विषाचेही तसेच आहे. पानात जी साखर होती तिचा सुगंध करणे काळाला साधले. पानात जे विष होते त्याचे अमृत करणे त्याला आजवर साधलेले नाही.